पाणपाळीचा शेवटचा मेसेज

"रोहिणी गो, टँकर आला हाय. कशात ओतू ते सांग."

आत्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मीटिंगमध्ये म्हणजे महाडला माझ्याच घरात, लॅपटॉपसमोर, कानाला हेडफोन लावून. कंपनी पुण्याची, काम घरून. माझा मॅनेजर अभिजित पुढच्या तीन महिन्यांचं काहीतरी समजावत होता. मी माईक बंद केला आणि आत्याला विचारलं, कसला टँकर.

पाण्याचा. पोलादपूरहून निघाला, चढावर अडकला, गावातल्या माणसांनी चाकाखाली दगड घालून वर आणला, आणि आता शाळेसमोर उभा राहून ड्रायव्हर विचारत होता की पाणी ओतायचं कुठं. त्याचं बरोबरच होतं. गावाची टाकी भरलेली होती, नळ चालू होते आणि आत्याच्या दारातली पिंपं काठोकाठ होती.

"मागवला कोणी?"

"मुंबईवाल्यांनी. कशाला, ते त्यांनाच ठाव. आणि ऐक, विकासला जरा विचार, आईवर रुसलाय का म्हणून. फोनच नाय त्याचा. असा कधी राहत नाय तो."

विकास म्हणजे आत्याचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ. नालासोपाऱ्याला राहतो, कुरियरच्या कंपनीत आहे. रुसणाऱ्यातला नाही. मी म्हटलं, विचारते, आणि फोन ठेवला. मग त्याच्याशी बोलल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला. टँकर काय आणि रुसवा काय, दोन्ही माझेच प्रताप होते. मी एक सॉफ्टवेअर बंद केलं होतं.

सांगते नीट.

आत्याचं गाव पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. वर एक झरा आहे, झऱ्याखाली टाकी, आणि टाकीतून एकच पाईप खाली येऊन तीन वाड्यांना पाणी देतो. वरची वाडी, मधली वाडी, शेवटी बौद्धवाडी. आत्या शेवटच्या वाडीत. दिवाळी उलटली की झरा बारीक होतो आणि पाळ्या लागतात. आज हिची, उद्या तिची. पाळ्या लागल्या की भांडणं लागतात. कोणाची पाळी चुकली, कोणाच्या पाळीचं पाणी कोणी खाल्लं, हे कधी कोणी कबूल केलं नाही. आणि पाणी कमी पडलं की ते नेमकं पाईपच्या शेवटाला कमी पडायचं.

मी चवदार तळ्याच्या गावात वाढलेली मुलगी. पाण्यासाठी कोणी कोणाला थांबायला लावलं की माझं डोकं फिरतं. त्यात तेव्हा नोकरी नवी होती आणि अंगात रग होती. सुट्टीत आत्याकडे गेले असताना ओटीवर बसून मी एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं पाणपाळी.

काम साधं होतं. भिकाजीदादा टाकीवरचा वॉल्व्ह फिरवतात. तो फिरवला की त्यांनी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. आज कोणाची पाळी हे पाणपाळीला माहीत असायचं. ती सगळ्या गावाला एकच मेसेज पाठवायची, "आज मधल्या वाडीचं पाणी सुटलं. उद्या बौद्धवाडी." बस. यात हुशारी काहीच नव्हती. सगळ्यांना एकाच वेळी तेच कळत होतं, एवढंच. पण त्यामुळे नंतर 'आम्हाला कुठं माहीत होतं' म्हणायची सोय कोणाला राहिली नाही. पाळी चुकली तर ती सगळ्या गावादेखत चुकायची. भांडणं हळूहळू थांबली. मला वाटलं, जग जिंकलं आपण.

त्याच जोशात मी ते ओपन सोर्स करून टाकलं. ओपन सोर्स म्हणजे आपण लिहिलेला कोड उघड्यावर ठेवायचा. कोणीही वाचावा, वापरावा, आपल्या सोयीने बदलावा, आणि तेही फुकट. गावातल्या सामायिक खळ्यासारखं. झोडणीला कोणीही यावं. फक्त खळं सारवायचं काम ज्याने ते केलं त्याच्याच गळ्यात पडतं. त्या माणसाला आमच्यात मेंटेनर म्हणतात.

पेरू देशातल्या एस्तेबान नावाच्या माणसाने पाणपाळी उचलली आणि बटाट्याच्या शेतांना कालव्याचं पाणी द्यायला लावली. विदर्भातल्या एका होस्टेलने न्हाणीघरांच्या पाळ्यांसाठी घेतली. आई शेजारीपाजारी सांगत सुटली, आमच्या रोहिणीचं पाणी पार पेरूला जातं. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. सुखाचे दिवस होते ते.

आता, सॉफ्टवेअर म्हातारं होतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. ते काय लोखंड आहे गंजायला, असं मला माझ्याच भावाने विचारलं आहे. पण होतं ते म्हातारं. कारण कोणीच सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे घेतो, त्यांना लायब्ररी म्हणतात. घर आपलं, पण वासे दुसऱ्याच्या वखारीतले. माझा एक वासा ज्या वखारीतून आला होता ती कधीच बंद पडली होती. आणि त्या वाशाला भोक पडल्याचं एका अनोळखी भल्या माणसाने मला कळवलं. त्या भोकातून आत शिरून कोणालाही गावाचे सगळे नंबर उचलता आले असते. वर पाणपाळीच्याच नावाने मेसेजही पाठवता आला असता, 'पाणी सुटलं, ही लिंक दाबा.' गावाने डोळे मिटून दाबली असती. पाणपाळी खोटं सांगत नाही अशी तिची ख्याती होती.

मी भोकावर ठिगळ लावलं. पण ठिगळ ते ठिगळ, फार दिवस टिकणारं नव्हतं. कायमचं बुजवायचं तर सगळं पायापासून नव्याने लिहायला हवं होतं. नोकरी, घर, आईचे गुडघे हे सांभाळून ते होणं शक्य नव्हतं. मदतीला कोणी या, असं मी प्रोजेक्टच्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. पण खळं सारवायला कोण येतंय?

हे रडगाणं मी एकदा अभिजितसमोर गायलं. अभिजितने नोकरीत अशी बरीच जुनी सॉफ्टवेअर गाडली आहेत. त्याचा त्यात हात बसला आहे.

"यूजर कोण आहेत?" त्याने विचारलं.

"गावातले लोक."

"गावातले म्हणजे कोण? त्यांच्याशी शेवटचं कधी बोललीस?"

मी बोटांवर महिने मोजायला लागले.

"म्हणजे तुला माहीत नाही. स्क्रीम टेस्ट घे."

स्क्रीम टेस्ट म्हणजे ओरडायची परीक्षा. एखादी जुनी गोष्ट नक्की कोण वापरतं हे कोणालाच सांगता येत नसलं की ती गुपचूप बंद करायची आणि कान देऊन बसायचं. कोणी ओरडलं तर पुन्हा चालू करायची. कोणीच ओरडलं नाही तर तिच्या हातात नारळ द्यायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण मोठमोठ्या कंपन्यांत हेच चालतं. एस्तेबानची आणि होस्टेलची पाणपाळी त्यांच्या त्यांच्या मशीनवर चालायची, त्यांना मी मेल टाकून ठेवली. गावाची माझ्या सर्व्हरवर होती. ती मी बंद केली.

आणि नेमका मार्च होता. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवसाला चवदार तळ्यावर लोक येतात तेव्हा आमच्यासारख्या घरांत पाय ठेवायला जागा राहत नाही. लांबलांबचे पाहुणे, त्यांची मुलं, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे. मी दिवसभर पाणपोईच्या मांडवात ग्लास भरत होते आणि घरी आले की चपात्या लाटत होते. मध्येच मोबाईल बघायची. कोणी ओरडलेलं नव्हतं. पाहुणे गेले, घर धुऊन काढलं, तरी कोणी ओरडलं नाही. मला हायसं वाटलं. जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू नाहीशी झाली आणि कोणाला पत्ताच नाही. तरी म्हटलं, चला, सुटलो. निरोपाचं दोन ओळींचं निवेदन लिहायला घेतलं.

तेवढ्यात टँकर आला.

मी विकासला फोन लावला. त्याने मलाच विचारलं, टँकर पोचला का म्हणून. पोचला, म्हटलं, पण पाठवलात कशाला? तो जरा चिडूनच म्हणाला, मग काय गावाला तहानलेलं ठेवायचं?

हळूहळू उलगडा झाला. सुरुवातीला गावातले नंबर गोळा केले होते गावकीच्या अध्यक्षांनी, आणि मी ते न बघता भरले होते. घरोघरी बायांनी सांगितलं, मेसेज वाचत कोण बसणार, आमच्या मुंबईच्या पोराचा नंबर घ्या. म्हणजे मेसेज जायचा नालासोपारा, दिवा, घाटकोपरला. तिथून मुलगा गावी फोन करायचा, आई, पाणी सुटलंय, पिंप लाव. पाणी गावात सुटणार, बातमी मुंबईला जाणार आणि मुंबईहून परत गावात येणार. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. खुद्द आत्यालासुद्धा.

तर मेसेज थांबले, आणि मुंबईकरांनी अर्थ काढला की पाणी थांबलं. गावाच्या मुंबई मंडळाची रविवारी बैठक भरते. गावचा रस्ता, शाळेची भिंत, लग्नातली भांडी, सगळ्याचे निर्णय तिथे होतात. गावाला ते मागाहून कळतात. त्या बैठकीत एकाने विचारलं, तुला मेसेज आला का? नाही. आणि तुला? मलापण नाही. झालं, दुष्काळावर शिक्कामोर्तब. पोलादपूरला कोणाच्या तरी मेव्हण्याचा टँकर होता, तो निघाला.

मी विकासला विचारलं, अरे, अख्ख्या मंडळातल्या एकालाही गावात फोन करून विचारावंसं वाटलं नाही?

"पाणीच नाय तर आईला फोन करून सांगायचं काय, ताई?"

आणि गावात तिकडे आया आपापल्या परीने तर्क लढवत होत्या. आपण होऊन मुलाला फोन करायची पद्धत नाही. तो कामावर असतो, फोन तिकडून येतो. मधल्या वाडीतल्या एका काकींनी सुनेने फोन लपवला असं ठरवून टाकलं होतं आणि व्याह्यांपर्यंत निरोप गेला होता. आत्याला वाटत होतं विकास रुसला. स्क्रीम टेस्टमध्ये कोणी ओरडलं नाही म्हणून मी निर्धास्त होते. ओरडत सगळेच होते. फक्त माझ्यावर नाही, एकमेकांवर.

मी त्याच मिनिटाला सर्व्हर चालू केला. टँकरचं म्हणाल तर ड्रायव्हर भरला टँकर उतारावर न्यायला तयार नव्हता. मग तिन्ही वाड्यांतल्या बायांनी गोधड्या बाहेर काढून त्या पाण्यात धुतल्या. शाळेचं पटांगण, कुंपण, मंदिराचा कठडा, समाजमंदिराची गच्ची, जिथे बघावं तिथे गोधड्या वाळत होत्या. ड्रायव्हरला आत्याने भाकरी आणि सुकट खायला घातली. त्याने जाताना विचारलं म्हणे, पुढच्या वर्षी पण यायचं का.

हसून झालं, पण प्रश्न होता तिथेच होता. भोक होतंच. ठिगळ कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. एस्तेबानचं उत्तर आलं की त्याने केव्हाच आपली वेगळी प्रत करून नवी बांधणी केली आहे. याला फोर्क म्हणतात, वाटणी होऊन वेगळी चूल मांडल्यासारखं. माझ्या पाणपाळीने आता खुशाल विश्रांती घ्यावी, असं त्याने लिहिलं होतं. होस्टेलवाल्यांनी न्हाणीघरं वाढवली होती, पाळ्यांची गरजच उरली नव्हती. राहिलं गाव. आणि गावाला पाण्यासाठी पाणपाळी लागत नव्हती. भिकाजीदादा वॉल्व्ह फिरवल्यावर शिट्टी मारतात, ती तिन्ही वाड्यांत ऐकू जाते. पाळीचा क्रम आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

लागत होती ती फोनसाठी. मी विकासला सरळच विचारलं होतं, पाण्याशिवाय आईला फोन करत नाहीस का रे? तो म्हणाला, करून काय बोलू? जेवलीस का विचारलं तर हो म्हणते. बरी आहेस का, हो म्हणते. संपलं. पाण्याचं विचारलं की मग ती बोलायला लागते. किती आलं, कोण आधी लावून बसली, कोणाच्या पिंपाला चीर गेली. त्याचं ऐकून मला त्याचा रागही आला आणि भरूनही आलं. माझ्या आत्याचा तिच्या मुलाशी होणारा संवाद एका कुजक्या वाशावर उभा होता, आणि तो वासा काढायचा की ठेवायचा हे मला ठरवायचं होतं.

मी अध्यक्षांना म्हटलं, गावकी बसवा. गावकी म्हणजे सगळ्या गावाची बैठक. अध्यक्ष वरच्या वाडीचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना माईक लागत नाही. रविवारी शाळेच्या पटांगणात तिन्ही वाड्या बसल्या. मुंबई मंडळ फोनवर होतं, तो फोन स्पीकरला लावून मधोमध स्टुलावर ठेवला होता. मी उभी राहून लायब्ररी, भोक, चोर, नंबर, ओरडायची परीक्षा सगळं समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. भोक म्हटल्यावर सगळ्यांना कळतं.

मग चर्चा सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे भलतीकडे गेली. एकजण म्हणाला, भोकाला सिमेंट नाय का लावता येत? भिकाजीदादांना वाईट वाटलं की शिट्टी असताना लोक इतकी वर्षं मुंबईचा फोन ऐकून उठत होते. आणि अध्यक्षांनी कंडक्टरच्या आवाजात ठराव मांडला की सॉफ्टवेअर बंद करावं, आणि जो मुलगा आठवड्यातून एकदा घरी फोन करणार नाही त्याला गावकीचा दंड लावावा. स्टुलावरचा फोन एकदम चिडीचूप झाला.

तेव्हा आत्या उठली. आत्या गावकीत कधी बोलत नाही, घरी मात्र कोणाला बोलू देत नाही.

"दंडाचा फोन मला नको," ती म्हणाली. "पाण्याचं काय घेऊन बसलात? पाणी मला नळाला दिसतं. पोरगा दिसत नाय. त्याचा आवाज येतो तेवढाच."

मधल्या वाडीच्या काकींनी पदर डोळ्यांना लावला. मी सगळं सोडून म्हणणारच होते, राहू दे, मी चालवते, नव्याने लिहिते, रात्रीचा दिवस करते. तोंड उघडलंही होतं. आत्याने माझ्याकडे बघितलं. तिला माझं तोंड वाचता येतं, लहानपणापासून.

"तू गप. बंद कर ते. भोकातून चोर आला तर माझ्याच पोराचा नंबर नेणार ना? आणि ती तुझी ओरडायची परीक्षा हाय ना, ती आता यांची घेऊ." तिने स्टुलाकडे बोट केलं. "बघू तर खरं, आम्ही गप झालो की कोण ओरडतं."

ठराव पास झाला. स्टुलावरूनही कोणीतरी बारीक आवाजात अनुमोदन दिलं.

तारीख ठरवताना अध्यक्षांनी खरी हुशारी दाखवली. मे महिन्यात लग्नांना सगळे मुंबईकर गावीच असतात. तेव्हाच बंद करा, म्हणाले, म्हणजे परत कोणी टँकर पाठवणार नाही. आमच्या धंद्यात यूजरना त्रास कमीत कमी होईल अशी वेळ शोधायला मोठमोठी माणसं आठवडे घालवतात. अध्यक्षांनी ती तंबाखू मळता मळता काढली.

शेवटचा मेसेज काय पाठवायचा यावर मात्र वाद झाला. मी एक सभ्य निवेदन लिहून नेलं होतं, त्यात खेद, आभार वगैरे होते. ते कोणालाच आवडलं नाही. शेवटी गावकीने आपला मजकूर दिला, "पाणपाळीचा हा शेवटचा मेसेज. पाणी भिकाजी सोडतोच आहे. फोन ज्याने त्याने आपल्या मनाने करावा." अध्यक्षांना 'करावाच' हवं होतं. आत्याने 'करावा' वर हट्ट धरला. तिचंच राहिलं.

मे महिन्यात एका हळदीच्या मांडवात भिकाजीदादांनी शेवटचा मिस्ड कॉल दिला. मांडवभर खिसे वाजले. मुलगे मोबाईल काढून वाचत उभे राहिले आणि त्यांच्या आया शेजारीच बसून त्यांच्याकडे बघत होत्या. विकासने वाचला, मोबाईल खिशात घातला आणि काही न बोलता आईच्या ताटात भजी वाढली.

मग आत्याच्या ओटीवर, जिथे तो प्रोग्रॅम लिहिला होता तिथेच बसून, मी प्रोजेक्ट आर्काइव्ह केला. आर्काइव्ह म्हणजे कुलूप लावून काचेच्या कपाटात ठेवायचं. बघता येतं, हात लावता येत नाही. बटण दाबण्याआधी कॉम्प्युटर खात्री करून घेतो, प्रोजेक्टचं नाव पुन्हा टाईप करायला लावतो. 'पाणपाळी' लिहिताना माझी बोटं अडखळली.

"दुखतंय का गो?" आत्याने विचारलं.

"थोडं."

"दुखायचंच," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मुंबईकर परत गेले आणि खरी परीक्षा सुरू झाली. मला आत्याने शपथ घातली होती की विकासला आडूनसुद्धा काही सुचवायचं नाही. मी पाळली, पण माझा जीव टांगणीला लागला. बौद्धवाडीची पहिली पाळी आली. फोन नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, असेल कामात. पुढची पाळी आली. फोन नाही. आत्या काहीच म्हणाली नाही. मधल्या वाडीच्या काकींना मुलाचा फोन आल्याचं तिने स्वतःहून सांगितलं, आणि ते इतक्या आनंदाने सांगितलं की मला ऐकवेना. मी मनातल्या मनात विकासला यथेच्छ शिव्या घातल्या. स्वतःलाही घातल्या. एक ठिगळ लावून आणखी वर्षभर ओढलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही वाटून गेलं.

जूनच्या सुरुवातीला, शेतीची कामं अंगावर यायच्या आधी, मी मुद्दाम पाळीच्या दिवशी गावी गेले. आत्या दारात वाळलेलं गवत पावसाआधी नीट बांधत बसली होती. मी लॅपटॉप उघडला, पण काम होईना. भिकाजीदादांची शिट्टी झाली. आत्याने उठून नळाला पाईप लावला, तो पिंपात सोडला आणि परत येऊन बसली. मोबाईल तिच्या शेजारी पायरीवर पडला होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत नाही असं दाखवत होतो.

पिंप भरत आलं आणि फोन वाजला.

आत्याने लगेच उचलला नाही. हात पदराला पुसले, केस मागे घेतले, मग उचलला. विकासचा आवाज मला पायरीवरून ऐकू येत होता. जेवलीस का, म्हणाला. आत्या हो म्हणाली. बरी आहेस ना. हो. मग दोघं गप्प. विकासने घसा खाकरला.

"आई, आज आपली पाळी ना? पाणी आलं का?"

पिंप भरून वाहायला लागलं होतं. पाणी पायऱ्यांवरून आमच्या चपलांपर्यंत आलं होतं. आत्याने पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी गंभीर आवाजात सांगितलं,

"नाय रे अजून. संध्याकाळी परत फोन कर, सांगते."

मी उठून नळ बंद केला.

आमच्या धंद्यात सांगतात की एखादं सॉफ्टवेअर रिटायर करण्याआधी त्याचं काम आता दुसरं कोणीतरी करतंय ना, एवढं बघून घ्यावं. मी बघून घेतलं आहे. फक्त पाणपाळी कधी खोटं बोलायची नाही, एवढा फरक पडला. आणि पुन्हा टँकर आलाच तर या वेळी मला फोन करायचा नाही, गोधड्या काढायच्या, हे मी आत्याला बजावून ठेवलं आहे.